ताप नाही, कसर आहे

आमच्याकडे तापाला एक धाकटी बहीण आहे. तिचं नाव कसर. ताप आला की माणूस अंथरूण धरतं, कपाळावर पट्ट्या ठेवतात, शेजारपाजारचे विचारायला येतात. कसर आली तर यातलं काही होत नाही. अंग जरा कोमट लागतं, डोळे जड होतात, सांधे ठणकतात आणि माणूस कामाला लागतं. कसर असलेली बाई भाकऱ्या थापते, धारा काढते, कांदा खुरपते. कुणी विचारलंच तर म्हणते, "काय न्हाई, जरा कसर हाय."

मी दोन वर्षं डॉक्टरांना "ताप न्हाई" असं सांगत होते. खोटं बोलत नव्हते. ताप नव्हताच, कसर होती. डॉक्टर कागदावर इंग्रजीत "ताप नाही" असं लिहीत होते, तेही खोटं नव्हतं. दोघंही खरं बोलत होतो आणि माझा आजार त्या दोन खऱ्यांच्या मधून आरामात ये-जा करत होता.

ज्यांच्या फायलीत सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि अंगात मात्र काहीच नॉर्मल नाही, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी डॉक्टर नाही. बारावीपर्यंत शिकलेली, पारनेर तालुक्यातल्या एका गावात चार गाई सांभाळणारी बाई आहे. तेव्हा कुठली गोळी घ्या हे मला विचारू नका. मला काय झालं तेवढं सांगते.

हात

माझा उजवा हात लांब आणि बारीक आहे. लग्नात सासरच्या बायका बांगड्या भरताना हसल्या होत्या, पोरीचा हात हाय का चवळीची शेंग म्हणून. पुढं त्याच हाताला गावात नाव मिळालं. गाय अडली, वासराचं डोकं वळलं, एक पाय मागं राहिला, की लोक मला बोलवायला यायचे. "शालनवहिनी, चला लवकर." मी निघायचे. बांगड्या काढून आत्याबाईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या, हातात द्यायच्या, कोपराच्या वरपर्यंत गोडंतेल चोपडायचं आणि हात आत घालायचा. आत अंधारात वासराचं खूर बोटांना लागतं. मऊ असतं ते, ओल्या खोबऱ्यासारखं. मग गुडघा, मग नाक. कधी कधी वासरू बोट चोखतं. जन्माला यायच्या आधीच! ते सुख मी कुणाला समजावून सांगू शकले नाही. आमच्या ह्यांनासुद्धा नाही.

वासरू सुखरूप झालं की त्या घरचा पहिला चीक माझ्याकडे यायचा. खरवस करून आम्ही खायचो. लोक म्हणायचे, शालनला हातगुण हाय. मी वरवर "काय हातगुण अन् काय" म्हणायचे, पण आतून फुगायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

तीन वर्षांपूर्वी ह्यांनी बाजारातून चंद्री आणली. काळी-पांढरी, कपाळावर चंद्र, डोळे मोठे आणि अगदी शहाणे. पंधरा दिवसांत ती माझ्या पावलांचा आवाज ओळखू लागली. मी अजून अंगणात असताना गोठ्यातून हंबरायची. गाभण होती. सातव्या महिन्यात तिनं गाभ टाकला. वासरू मेलेलंच होतं आणि वासरामागून पडते ती वार आतच अडकून बसली. एक दिवस वाट पाहिली, मग मी नेहमीसारखा हात घातला आणि वार सोडवून काढली. बोटाला खुरप्याची ताजी चीर होती. चीर कुठल्या शेतकरणीच्या बोटाला नसते? मी हात धुतला, चहा प्यायला आणि चंद्रीच्या मानेला धरून थोडी रडले.

त्याच आठवड्यात शेजारच्या रज्जाकचाचांची गाय अडली. तिथंही मीच गेले. तिचं वासरू जगलं.

मग महिन्याभरानं कसर सुरू झाली.

दुपार कलली की

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं म्हणतात. माझं आलंच मुंगीच्या पावलानं. सकाळी मी बरी असायची. दुपारी बरी. चारला चहा ठेवायचे तेव्हा पाठीतून एक बारीक कापरं जायचं आणि पाच वाजता अंग कोमट. कंबर अशी धरायची की वाकले तर उठता यायचं नाही आणि उठले तर वाकता यायचं नाही. रात्री घाम. साधा नाही, गोधडी पिळावी असा. आणि त्याला वास यायचा, पावसात भिजून कुबट झालेल्या कडब्याचा. मी ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "दिवसभर गोठ्यात असतीस, मग काय मोगऱ्याचा वास येनार का?" मी पण हसले. त्या वेळी हसायला येत होतं.

गावातल्या डॉक्टरांनी टायफॉईड सांगितला. गोळ्या दिल्या. दहा-बारा दिवस इतकं बरं वाटलं की मी माळ्यावरचे डबेसुद्धा घासले. मग कसर परत. पुन्हा टायफॉईड, पुन्हा गोळ्या. तिसऱ्यांदा पारनेरला गेलो, तिथं संधिवात निघाला. मग नगरला. एसटीवर आता अहिल्यानगरची पाटी असते, पण कंडक्टर नगरच म्हणतो आणि आम्हीही. नगरला हाडांचे डॉक्टर झाले, मग बायकांच्या डॉक्टर झाल्या. त्या म्हणाल्या, पाळी जायचं वय जवळ आलं की असं होतं. शेवटी एकांनी फार मऊ आवाजात विचारलं, "घरी काही टेन्शन आहे का, ताई?"

त्यांनी ताई म्हटलं नसतं तर सांगितलं असतं की टेन्शन तुमच्याच फायलीचं आहे.  सगळ्यांनी एक प्रश्न न चुकता विचारला, ताप येतो का? आणि मी न चुकता म्हणाले, नाही. तपासणी सकाळी व्हायची. सकाळी माझं अंग थंडगार.

त्या दिवसापासून घरातलं बोलणं बदललं. हे वाईट नाहीत, पण त्यांच्या डोक्यात ते टेन्शन जाऊन बसलं. मी कंबर धरली की ते दुसरीकडे बघायचे. एकदा म्हणाले, "समदे रिपोर्ट चांगले हायेत, शालन. आता तूच मनानं उठाय पायजेल." मी उठले. धार काढली. बादली अर्धी झाली तेव्हा चंद्रीच्या पोटाला डोकं टेकवून तशीच बसून राहिले. ती हलली नाही. तिची एक सवय होती, मी टेकले की श्वास सावकाश घ्यायची. घरात माझ्यावर विश्वास ठेवणारी तेवढी एकच होती, असं मला त्या दिवसांत वाटायचं.

आत्याबाईंवर मात्र मी अन्याय केला. त्या काही बोलायच्या नाहीत म्हणून मला वाटायचं, ह्यांनाही मी ढोंगी वाटते. पण रोज सकाळी धार चालू असताना त्या पितळी पेला घेऊन गोठ्याच्या दाराशी उभ्या राहायच्या. "धर. धारंखालचं हाय, फेस हाय तवर पी. अंगात ताकद यील." मी प्यायचे. कोमट, गोड, फेसाळ. हे फक्त चहा पितात, आत्याबाईंना दूध सोसत नाही, म्हणजे घरात कच्चं दूध पिणारी मी एकटी. दोन वर्षं एकही दिवस त्यांनी पेला चुकवला नाही.

रोग रेड्याला

दुसऱ्या हिवाळ्यात चंद्रीनं पुन्हा गाभ टाकला. या वेळी मी हात घालायला उठूच शकले नाही. ह्यांनी सरकारी दवाखान्यातल्या गुरांच्या डॉक्टरबाईंना आणलं. वयानं तिशीच्या आतबाहेर, नेवाशाकडच्या. खांद्यापर्यंतचे प्लॅस्टिकचे हातमोजे घालून त्यांनी वार काढली, रक्त घेतलं. मी पालथ्या बादलीवर बसून बघत होते. हात शिवशिवत होते.

"तुम्हाला काय होतंय?" त्यांनी मोजे काढता काढता विचारलं.

"काय न्हाई. वय झालं."

"किती?"

"एक्केचाळीस."

"एक्केचाळिसाव्या वर्षी कुणी बादलीला धरून बसत नाही. ताप येतो का?"

"न्हाई."

तेव्हा दारातून आत्याबाई बोलल्या. दोन वर्षांत त्या कुठल्या डॉक्टरसमोर बोलल्या नव्हत्या, कारण त्यांना कुणी नेलंच नव्हतं. "ताप न्हाई वो, नुसती कसर. पाच वाजलं का येती."

डॉक्टरबाई थांबल्या. "रोज?"

"रोज म्हंजे धा-बारा दिस येती, मग चार दिस जाती, मग पुन्ना. दोन वर्सं झाली की."

"आणि घाम?"

"गोधडी भिजती. वाळत घालून घालून माझं हात दुखलं."

मी म्हणाले, "भिजल्या कडब्यावानी वास येतो," आणि ह्यांच्याकडे पाहिलं. हे या वेळी हसले नाहीत, कारण डॉक्टरबाईंनी हातातलं सामान खाली ठेवलं होतं.

"मलाही तसाच वास यायचा," त्या म्हणाल्या. "नोकरीच्या पहिल्या वर्षी. आई म्हणायची, तुझ्या खोलीत कडब्याची गंज रचलीय का कुणी?"

मग त्यांनी मला असं काही विचारलं जे माणसांच्या एकाही डॉक्टरनं विचारलं नव्हतं. तुम्ही हातानं काय काय काम करता? वार हातानं काढता? मोज्याशिवाय? दूध कच्चं पिता?

शेवटच्या प्रश्नावर आत्याबाई पुढं सरकल्या. जरा अभिमानानंच म्हणाल्या, "मीच देते रोज. अशक्तपनावर दुसरं हाय काय?"

 डॉक्टरबाईंनी माझी फाईल मागितली आणि पानं उलटत गेल्या. दर पानावर तेच, ताप नाही. "तुम्ही यांना ताप नाही असं का सांगितलंत?"

"नव्हताच. कसर हुती."

त्या हसल्या. म्हणाल्या, आज पाच वाजता थर्मामीटर लावा. "माझ्याकडचा देत नाही, तो गुरांना कुठून लावतात ते तुम्हाला माहीत आहे." ह्यांनी पळत जाऊन मेडिकलमधून नवा आणला. पाच वाजून दहा मिनिटांनी पारा एकशे एकच्या पुढं होता. मी त्याच्याकडे बघत राहिले. ज्याला मी दोन वर्षं कसर म्हणत होते त्याला आकडा होता. आणि तो आकडा दिसल्यावर हे जे रडले, ते मी लग्नापासून पाहिलं नव्हतं. "मला वाटलं तू..." एवढंच म्हणाले. पुढचं मीही विचारलं नाही.

चंद्रीचा रिपोर्ट आला. आठवड्यानं माझाही आला, नगरच्या डॉक्टरांकडून. डॉक्टरबाईंनी त्यांना हातानं चिठ्ठी लिहून दिली होती. आजार दोघींचा एकच. ब्रुसेलोसिस. गुरांमध्ये त्याला सांसर्गिक गर्भपात म्हणतात. जंतू वारेतून, मेलेल्या गाभातून, कच्च्या दुधातून माणसात येतो. टायफॉईडच्या गोळ्यांनी तो तेवढ्यापुरता दबतो आणि पुन्हा डोकं वर काढतो. रोग रेड्याला अन् औषध पखालीला म्हणतात, तसं दोन वर्षं चाललं होतं. आणि जंतू कुठं, तर माझ्याच गोठ्यात. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तुम्हाला वाटेल, मला राग आला असेल. मला आनंद झाला. इतका की डॉक्टरांसमोर मी मोठ्यानं "देवा!" म्हणाले आणि कंपाउंडर दारातून डोकावला. माझं दुखणं खरं होतं. त्याला नाव होतं. नाव असलेल्या दुखण्याला माणूस शिव्या तरी घालू शकतं.

आनंद घरी येईपर्यंत टिकला. अंगणात आत्याबाई बसल्या होत्या. त्यांच्या पुढ्यात तो पितळी पेला पालथा घातलेला. "मीच पाजलं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्या जेवल्या नाहीत. मी किती सांगितलं, आधी हातातूनच आलं असेल, तुमच्या पेल्याचा काय दोष. त्या मान हलवायच्या, पण पेला त्यांनी पुन्हा सुलटा केला नाही.

खाट नंबर नऊ

पाठीच्या मणक्यापर्यंत जंतू गेला होता म्हणून मला नगरला आठ दिवस दाखल केलं. वॉर्डात दिवस सहाला सुरू व्हायचा. आधी झाडू, मग चहावाला, मग सुई. गोळीनं लघवी केशरी व्हायची. पहिल्या दिवशी मी घाबरून सिस्टरना हाक मारली, तर त्या म्हणाल्या, "मावशी, औषधाचा रंग आहे, हळदीकुंकू समजा." आणि वर सूचना, गोळीबरोबर दूध घ्यायचं नाही. मी म्हटलं, सिस्टर, आता दुधाचं नाव काढू नका.

घामानं भिजलेली चादर ती सिस्टर न सांगता बदलायची. दोन वर्षांत मला लाजून स्वतःच बदलायची सवय लागली होती. कुणीतरी न विचारता आपली ओली चादर उचलावी, यात किती आधार असतो ते आजारी माणसालाच कळेल.

पण मला गोठा हवा होता. औषधाच्या वासात माझं मन लागेना. दिवस मोजत नव्हते, धारा मोजत होते. आता सकाळची झाली असेल, आता संध्याकाळची. चंद्री दाराकडे बघत असेल का? शेजारच्या खाटेवरच्या बाईला भेटायला तिची जाऊ आली. मिरजगावकडची. सकाळी शेणकूर करून तशीच गाडीत बसली असावी, लुगड्याला शेणाचा, वैरणीचा, दुधाचा वास. मी तिला म्हटलं, "बाई, जरा हितं बसता का माझ्यापाशी?" ती बिचारी गोंधळली, पण बसली. मी डोळे मिटून घेतले. तिनं विचारलं, "लई दुखतंय का?" मी म्हटलं, "व्हय."

लिंबाखाली

घरी आले तेव्हा चंद्री गोठ्यात नव्हती.

ती बरी होणार नाही, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं. गुरांमध्ये हा रोग राहतो. तिला वेगळं बांधायचं, दूध आटवायचं, पुन्हा गाभण ठेवायची नाही, आणि मी तिच्या अंगाला हात लावायचा नाही. ह्यांच्या मनात एकदा बाजाराचा विचार आला. मला न सांगता आला, पण चेहऱ्यावर दिसला. मी म्हटलं, "जसं आपल्याला कुनीतरी इकली, तसंच ना?"  दुसऱ्या दिवशी त्यांनी बांधापलीकडच्या लिंबाखाली छप्पर घातलं आणि तिला तिथं नेली. वैरण तेच टाकायचे. बूट वेगळे, मोजे वेगळे, आल्यावर अंघोळ.

मी ओट्यावरून तिला बघायचे. साठ पावलं अंतर असेल. माझा आवाज ऐकला की हंबरायची, मी गेले नाही की पुन्हा हंबरायची. मग मी बोलणंच बंद केलं, ओट्यावर आले की गप्प बसायचे. तिला पावलंसुद्धा कळायची म्हणून अनवाणी यायचे. साठ पावलं म्हणजे काय, सांगा! एरवी पाणी शेंदायला त्याच्या दुप्पट जायचे मी. आजही मला सगळ्यात जास्त काय आठवतं विचाराल तर कळा नाहीत, घाम नाही, ते छप्पर आठवतं.

गोळ्या चालू होत्या. पाच वाजता कसर यायची, पण थोडी उशिरा. मग एखादा दिवस यायचीच नाही. आत्याबाई रोज पाचला उलटा हात माझ्या कपाळाला लावायच्या. थर्मामीटर घरात होता, पण त्यांचा त्याच्यावर विश्वास नव्हता.

एक प्रश्न

माझ्या मनात एक गोष्ट घुसून बसली होती. चंद्रीची वार काढून आठ दिवसांच्या आत मी रज्जाकचाचांच्या गाईला हात लावला होता. त्याच हातानं. रज्जाकचाचा त्यानंतर काही महिन्यांनी कमरेनं बसले. आधी काठी, मग खाट. सगळे म्हणायचे, उमर झाली.

ह्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "बोलू नको कुनाला. तुझा हात बदनाम व्हईल. पुन्ना कोन बलवनार न्हाई तुला."

मलाही तीच भीती होती. आजारात माझं जे जे गेलं, त्यातलं मला सगळ्यात आधी परत हवं होतं ते हेच, कुणीतरी अंगणात येऊन हाक मारावी, शालनवहिनी, चला. रात्र-दिवस त्या हाकेची वाट बघत होते मी. आणि तोंड उघडलं तर ती हाक कायमची बंद होणार होती.

चार दिवस गप्प राहिले. पाचव्या दिवशी संध्याकाळी रज्जाकचाचांकडे गेले. ते ओसरीत खाटेवर, सून शबाना तांदूळ निवडत बसलेली. मी त्यांना ताप येतो का विचारलं नाही. विचारलं, "चाचा, येळ कलली का अंगात कसर येती का?"

"रोजचीच हाय की, बेटी. उमर झाली आता."

"घाम?"

शबानानं मान वर केली. "बिछाना भिजतो, भाभी. तुमाला कसं म्हाईत?"

मग मी सगळं सांगितलं. चंद्रीचं, माझं, हाताचं. माझ्या हातातून तुमच्या गोठ्यात गेलं असेल, चाचा, नसेलही, डॉक्टरबाई म्हणतात आता सांगता येत नाही.  शबाना उठून आत गेली. चाचांनी मला खाटेजवळ बोलावलं. मग म्हणाले, "तुझ्या हातानं आमचं वासरू जगलं, ते बी खरं हाय ना? दोन्ही खरं आसू शकतं."

त्यांची तपासणी झाली. तोच आजार निघाला आणि औषध सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध संकलन केंद्रावर गेले. किटल्या घेऊन सगळे रांगेत होते. तिथंही सांगितलं. दूध उकळून प्या, वारेला उघडा हात लावू नका, कालवडींना लस टोचून घ्या, आणि मी ज्यांच्या ज्यांच्या गोठ्यात हात घातलाय त्यांनी तपासून घ्या.  दोघी-तिघी किटली घेऊन जरा लांब सरकल्या.

हे म्हणाले होते तसंच झालं. आठ महिने मला कुणी बोलावलं नाही. गावात गाई व्यायल्या, मला कळायचं ते इतरांच्या तोंडून. एकाही घरातून चीक आला नाही. बांगड्या हातात तशाच राहिल्या, काढायचं कारणच पडलं नाही.

पाच वाजता

औषध संपून बरेच महिने झाले होते. रक्त तपासलं, चांगलं आलं. ज्वारी निसवायला, कणसं बाहेर पडायला लागली होती. मी अंगणात भाजी निवडत होते, आणि फाटकात काठीचा आवाज आला. रज्जाकचाचा स्वतः चालत आले होते. घामाघूम.

"बेटी, गाय अडलीय. डॉक्टरबाई दुसऱ्या गावाला गेल्यात, यायला दोन तास लागत्याल. फोनवर म्हनल्या, शालनताईंना न्या." मग जरा थांबून म्हणाले, "तुझे ते लांब मोजे हायेत ना? ते घे."

मोजे होते. डॉक्टरबाईंनीच एक खोका दिला होता, तो न फोडता ट्रंकेत ठेवला होता. मी उठले. आत्याबाई समोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढं केला. मी बांगड्या काढून त्यांच्या हातावर ठेवल्या.

वासराचा एक पाय मागं राहिला होता. मोज्यावरून तेल लावलं, हात घातला. खूर लागलं, गुडघा लागला. बोटांना सगळं आठवत होतं. पण ऊब लागली नाही. खोबऱ्याचा तो ओला मऊपणा लागला नाही. वासरानं बोट चोखलं असेल तरी मला कळलं नाही. मी पाय सरळ केला, शबानानं दोरी धरली, आणि वासरू बाहेर आलं. पाडी होती. फुरफुरली, कान झटकले. चाचा खाटेवर बसून हसत होते. गाय पिलाला चाटत होती आणि मी कोपऱ्यात जाऊन मोजा काढला, पिशवीत बांधला, हात साबणानं दोनदा धुतले. पाडीला हात लावला नाही. लावायचा नसतो. आता मला माहीत आहे.

निघताना शबाना म्हणाली, "चीक उकळून खरवस करूनच पाठवते, भाभी."

घरी आले. लिंबाखालून चंद्री हंबरली, आणि मी या वेळी लपले नाही, बांधापर्यंत गेले आणि तिथूनच तिच्याशी बोलले. परत आले तेव्हा आत्याबाई ओट्यावर बसलेल्या. पाच कधीच वाजून गेले होते. माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

त्यांनी उलटा हात कपाळाला लावला. "न्हाई गं. गार हाय. कसर न्हाई."

"थोडी हाय, आत्याबाई."

"कुटं?"

मी त्यांच्यापुढं उजवा हात धरला. त्या हाताकडे बघत राहिल्या. मग त्यांनी पदराची गाठ सोडली, बांगड्या काढल्या आणि एक एक करत माझ्या हातात चढवल्या. सगळ्या चढवून झाल्या तरी त्यांनी हात सोडला नाही.